आमटी निर्दोष

पुणे, ६ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार. सोबत दोनशे बारा पानांचं बाड आहे. माझी पहिली कुमार कादंबरी, 'धुक्याची तिसरी पायरी'. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी. एप्रिलअखेर छापायला जाईल.

विषय नाजूक आहे. सोळा वर्षांची रेवा आत्महत्या करते आणि त्यानंतर तिच्या भोवतालची माणसं कशी बदलतात, त्याची ही गोष्ट. लोक हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तू बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंस. निर्दयपणे वाच. ईमेल केलं असतं, पण मागच्या वेळी तू माझी कथा उघडायच्या नादात गावच्या ग्रुपवर पाठवलीस, आणि त्यावर सतरा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

तुझी,
स्वप्नाली


तलवाडा, १६ जानेवारी

स्वप्नाली,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. बाड दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून, एकदा तांबडं पेन घेऊन.

भाषा स्वच्छ आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकत नाहीस, याचं श्रेय मी घेते. आता उरलेलं.

रेवाला वाईट वाटलं की ती पियानो वाजवते. गेवराई तालुक्यात पियानो नाही. म्हणजे आमच्या मुलींना वाईट वाटून घ्यायची सोयच नाही. धुक्याला पायऱ्या नसतात. असल्याच, तर पहिल्या दोन कुठे गेल्या ते पुस्तकात सांगितलेलं नाही.

पण ते सोड. पान एकशे चौसष्टवर पोरगी जाते आणि तिथून पुस्तक जे खुशीत येतं! बाप दारू सोडतो. आईबाप एकमेकांशी बोलू लागतात. गणिताचे सर राजीनामा देतात. वर्ग भिंतीवर तिचं चित्र काढतो आणि तिला नाही म्हणालेला मुलगा रोज तिथं येऊन रडतो. जिवंतपणी तिचं कोणी ऐकलं नाही, आणि मेल्यावर अठ्ठेचाळीस पानांत तिनं सगळ्यांना सुधारलं. अगं, सरपंचाला पाच वर्षांत एवढं जमत नाही.

हे वाचून सोळा वर्षांची मुलगी काय शिकेल? की मरण हा कामं करून घ्यायचा अर्ज आहे. आणि तू सुचवतेस की रेवा कुठूनतरी हे सगळं बघते आहे. ती बघत नाही. मेलेलं माणूस काहीच बघत नाही. दोनशे बारा पानांत एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं.

शेवट बदल. राग आला तर फोन कर, फक्त दुपारी दोन ते चार नको.

आत्या


पुणे, २५ जानेवारी

आत्या,

फोन करणार होते, पण रडू आलं असतं. तू निबंध तपासल्यासारखी कादंबरी तपासलीस. धुकं हे प्रतीक आहे. प्रतीकाच्या पायऱ्या मोजत नाहीत.

रागावू नकोस, पण आजच्या मुलांचं एकटेपण तुला कळणं अवघड आहे. तलवाड्यात दारं सताड उघडी, कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत. तिकडे असं काही होतं तरी का?

स्वप्नाली


तलवाडा, ३ फेब्रुवारी

स्वप्नाली,

नाही, आमच्याकडे असं होत नाही. आमच्याकडे पाय घसरतात. अल्पसे आजार होतात. आणि सध्या जेवण बाधतं.

आता नीट बसून वाच आणि वाचून झालं की पत्र फाडून टाक.

माझ्या शेजारी हनुमान राहतो. माझाच विद्यार्थी. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर तीन वर्षं त्यानं एकच बैल लिहिला, दर वर्षी बैलाचं वय तेवढं वाढवलं. माणूस वाईट नाही. त्याची मुलगी शिवकन्या अकरावीत आहे. अठरा डिसेंबरला तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, हे तुला कळायची गरज नाही, तुझ्या वाचकांना तर मुळीच नाही. वाचली. आठ दिवस बीडला दवाखान्यात होती. का केलं हे मला माहीत नाही, कारण तिला अजून कोणी विचारलेलंच नाही.

हनुमाननं गावात सांगितलं, पोरीला जेवण बाधलं. आदल्या दिवशी गावचे पुढारी बबनराव यांच्या नातवाचं जावळ होतं, चारशे माणूस जेवलं होतं. ते जेवण त्याला हाताशी सापडलं. चारशेपैकी एकटीलाच कसं बाधलं, हे घाईत सुचलं नाही. आणि स्वयंपाक छबुबाईचा होता, हे तर त्याच्या ध्यानातच नव्हतं.

छबुबाई म्हणजे आमच्या भागातली येसर आमटी, धान्य-मसाले भाजून केलेल्या पिठाची. दुसरी ओळख तिला नाही आणि नकोही आहे. लग्न असो, सप्ताह असो, चुलीपाशी तीच. आता बबनराव म्हणतात, तिच्या पातेल्यांना कल्हई नव्हती. छबुबाई म्हणते, कल्हई बबनरावाच्या डोक्याला करून घ्या. ती वही घेऊन घरोघर फिरते आहे. "जावळाला जेवलात ना? पोट दुखलं का? न्हाई ना? मंग करा सही." आजपर्यंत दोनशे सत्तर पोटांनी साक्ष दिली आहे. हनुमानच्या दारात दोनदा उभी राहून गेली. "पोरीला म्होरं आणा. मी तिलाच इच्चारते, काय झालं व्हतं ते."

पोरगी आतल्या खोलीत. त्या खोलीची आतली कडी काढून टाकली आहे. न्हाणीघराचीही.

तिची आई वनिता तिला एकटं सोडायला भिते. शेतात निघाली की तिला माझ्याकडे आणून बसवते. म्हणते, "बाई, हिचं व्याकरण कच्चं हाय." व्याकरण पक्कं आहे. तरी आम्ही दोघी रोज दोन तास समास सोडवतो. वनिताला माहीत आहे की मला माहीत आहे. मला माहीत आहे की पोरीला माहीत आहे. आणि सगळ्याजणी द्वंद्व की तत्पुरुष यावर बोलतो.

तुझं बाड मी कपाटात कुलपात ठेवलं आहे.

यातलं एक अक्षर छापलंस तर मी पुण्याला येईन.

आत्या


पुणे, १० फेब्रुवारी

आत्या,

पत्र फाडलं नाही, क्षमा कर. चार दिवस झोप नाही. तुझं बरोबर आणि माझं चुकलं! रेवाला मी तलवाड्यात आणते. पियानो काढला. आमटी ठेवते, ती तर अप्रतिम आहे. नावं बदलेन, गाव बदलेन, कोणी ओळखणार नाही.

एकच विनंती. शिवकन्याशी बोलता येईल का? अर्धा तास पुरे. तिला त्या क्षणी नेमकं काय वाटलं, ते आतून कळलं तर पुस्तक खरं होईल. संपादक म्हणतात, असं खरं कोणी लिहिलेलं नाही.

स्वप्नाली


तलवाडा, १७ फेब्रुवारी

स्वप्नाली,

नाही. ती मुलगी आहे, तुझ्या पुस्तकाचा कच्चा माल नाही. गावानं तिची विषबाधा केली, तू तिची कादंबरी करते आहेस. तिला काय हवं आहे ते दोघांनीही विचारलेलं नाही.

आणि मी फार शहाणी म्हणून हे लिहीत नाही. १९९६ साली माझ्या दहावी 'ब'मध्ये रामप्रसाद नावाचा मुलगा होता. सोमवारी तो नव्हता. मी फळ्यावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. शनिवारी तो कबड्डी खेळला होता. वर्गातल्या पंचावन्न जणांना खरं माहीत होतं, मलाही. दोन मिनिटं उभे राहिलो, खाली बसलो आणि मी संधी शिकवायला घेतली. त्याचा धाकटा भाऊ त्याच शाळेत नववीत होता. वर्षभर तो कोणाशी बोलला नाही. टापटीप नाही म्हणून मी त्याचे तीन गुण कापले.

म्हणून तू काय लिहितेस याची मला पंचाईत आहे. आणि म्हणून मी समास सोडवते, हेही मला कळतं.

आत्या


तलवाडा, २ मार्च

स्वप्नालीताई,

तुम्ही मला पाहिलं नाही, पण मी तुमची २१२ पानं वाचलीत. बाईंच्या कपाटाचं कुलूप केसाच्या पिनेनं उघडतं. तुमची पत्रं पण त्यातच होती. तुम्हाला माझा अर्धा तास पाहिजे होता ना? फोन पप्पांनी काढून घेतलाय, म्हणून लिहूनच देते.

पहिलं म्हणजे रेवा जेवतच न्हाई. सगळ्या पुस्तकात दोनदा कॉफी पिते. हडकली कशी न्हाई? मला लई हसू आलं. डिसेंबरपासून पहिल्यांदा. बाई उठतील म्हणून तोंडात ओढणी धरली.

दुसरं हसण्यासारखं न्हाई. भिंतीवरच्या चित्राचं प्रकरण मी चार वेळा वाचलं. मला ते फार आवडलं. त्या भिंतीवर मी मनातल्या मनात माझं चित्र काढलं. रडणाऱ्यांत पप्पांना उभं केलं, कॉलेजच्या तिघीजणींना उभं केलं, कोण कुठं उभं राहील ते पण ठरवलं. मग मला माझीच भीती वाटली आणि मी बाड आत ठेवून दिलं. ते प्रकरण काढून टाका, ताई. वाईट लिहिलंय म्हणून न्हाई, चांगलं लिहिलंय म्हणून.

तिसरं. मी शुद्धीवर आले तेव्हा कुणी भिंत रंगवत न्हवतं. पप्पा वाकून म्हणले, "आमटी बाधली म्हणायचं. कळलं का?" मी म्हणलं, "हां." तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी पोटाबद्दल बोलतात. पोट कसंय? पोटाला बरं वाटतंय का? आजी दोन महिने झाले दहीभात देती. माझ्या पोटाला काय झालं न्हाई, ताई.

का केलं ते एका वाक्यात सांगता येत न्हाई. तुमच्या रेवाला एक पोरगा न्हाई म्हणतो आणि ती जाते. तसं एक कारण असतं तर मीच ते काढून फेकलं असतं.

छबुमावशी दारात येऊन ओरडती ना, तेव्हा सगळे म्हणतात काय ही बाई. मला वाटतं, अख्ख्या गावात ही एकटीच विचारती की खरं काय झालं. २३ तारखेला मारुतीच्या देवळात सप्ताहाची बैठक हाय. तिला चुलीवरून काढणार म्हणतात. माझ्यामुळं.

मला कॉलेजला जायचंय. पण तिथं पण पोटच विचारतील.

बाईंना सांगू नका.

शिवकन्या


पुणे, ८ मार्च

शिवकन्या,

हे पत्र आत्याच्या नावानं पाठवते आहे आणि पाकीट तीच फोडणार आहे. तुझं बाकी सगळं ऐकेन, 'बाईंना सांगू नका' एवढं नाही. चार वेळा वाचून तुला तुझी भीती वाटली, हे तुझ्या जवळच्या मोठ्या माणसाला आजच कळायला हवं, म्हणून तिला फोनही करते आहे. मी पुण्यात आहे, हाक मारलीस तर पोचायला सहा तास लागतील. तू रागावशील. चालेल.

ते प्रकरण काढून टाकलं. पुस्तक लांबणीवर टाकलं.

मला तुझा अर्धा तास हवा होता. तू कशी आहेस हे विचारायचं सुचलं नाही, त्याची लाज वाटते. कशी आहेस? पोट सोडून सांग.

आत्या, आता तुला. तुझं कुलूप पिनेनं उघडतं. बीडला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टर बसतात, तिला घेऊन जा. १४४१६ हा नंबर फुकट आहे, कधीही लावला तरी माणूस बोलतं, मराठीत. तुझा फोन तिच्या हाताशी ठेव. समास पुरे.

स्वप्नाली


तलवाडा, २५ मार्च

स्वप्नाली,

फोनवर कळलं होतंच, पत्रही मिळालं. मला हुकूम सोडायची तुझी ही पहिलीच वेळ. मानला.

पोरीला समोर बसवलं. बत्तीस वर्षं मी प्रश्नच विचारले, पण त्या दिवशी एक प्रश्न तोंडातून निघेना. शेवटी निघाला तो असा, "शिवकन्या, कारणे लिहा." ती आधी हसली. मग रडली. मग दीड तास बोलली. काय बोलली ते तुला कळणार नाही. मी मध्ये एकदाही चूक दुरुस्त केली नाही, एवढं मात्र सांगते.

हनुमान म्हणाला, "बाई, तिला येडी ठरवता का?" मी म्हणाले, "तू तिला जेवण बाधलेली ठरवलंस, मी विचारलं का तुला?" बीडला तिघं गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं हनुमानलाही आत घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याचा रुमाल ओला होता. म्हणाला, ऊन लई हाय. खोलीत पंखा चालू होता.

आता परवाची बैठक. बबनरावांनी मांडलं की यंदा आष्टीचा आचारी आणायचा. छबुबाई वही घेऊन उभी राहिली. "चारशे माणसात तीनशे बारा सह्या हायती. माझी आमटी खाऊन आडवं झालेलं एक माणूस दाखवा. एक!" आणि सगळ्यांच्या माना हनुमानकडे वळल्या.

शिवकन्या बायकांत माझ्याजवळ बसली होती. मला न विचारता उठली. आवाज बारीक, पण देऊळ छोटं आहे.

"मावशी, आमटीनं मला काय झालं न्हाई. मीच माझ्या जिवावर उठले होते. त्यासाठी दवाखान्यात होते. आता गोळ्या चालू हायत. आमटी चांगली होती, मी दोनदा वाढून घेतली होती."

बबनराव चाळीस वर्षं राजकारणात आहेत. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मारुतीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तर मग... छबुबाईच्या आमटीबद्दल सभेला काही शंका नाही." पंडित गुरवानं घाईघाईनं अनुमोदन दिलं. एकमतानं मंजूर. पोरीबद्दल काय बोलावं ते एकालाही सुचेना, म्हणून सगळ्यांनी मिळून आमटीला निर्दोष सोडलं.

मग हनुमान उठला. मला वाटलं, पोरीला ओढत नेतो आता. तो म्हणाला, "आमटीचं मीच उठवलं होतं. चुकलं." आणि खाली बसला. तीन वर्षांचे सगळे निबंध मिळून त्यानं इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

छबुबाईनं मिठीबिठी मारली नाही. आधी हनुमानला चांगलं झाडलं. "माझी आमटी बदनाम केलीस ती केलीस, पोरीचं तोंड कावून शिवलंस रे?" मग पोरीकडे वळून, "उद्यापास्नं येसर भाजायला ये. धूर डोळ्यात गेला की रडलं तरी चालतं, कोण इच्चारत न्हाई. आन मी इच्चारलं तर सांगायचं."

सगळं गोड झालं असं समजू नकोस. निघताना दोघीतिघी तिच्यापासून लांब सरकल्या. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता हिला कोण करून घेणार?" मी म्हणाले, "अकरावीत आहे. आधी बारावीत करून घेऊ द्या."

रामप्रसादचा भाऊ गेवराईला दुकानात असतो. उद्या त्याच्याकडे जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

आत्या


तलवाडा, ५ एप्रिल

स्वप्नालीताई,

तुमच्यावर दोन दिवस रागावले होते. आता न्हाई.

तुम्ही पाठवलेला नवा शेवट बाईंनी स्वतः वाचायला दिला. त्यात रेवा जगते आणि दवाखान्याच्या दारातच सगळे तिला मिठी मारतात. ताई, असं होत न्हाई. आधी भांडणं होतात. पप्पा अजून 'ती गोष्ट' म्हणतात. आजीनं दहीभात बंद केला, पण ती अजून माझ्याशी नीट बोलत न्हाई. मम्मी विचारती. भाकरी थापताना विचारती, म्हणजे माझ्याकडं बघावं लागत न्हाई. मी कधी सांगते, कधी म्हणते आज नको. दोन्ही चालतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, ते पण लिहा.

मंगळवारपासून कॉलेजला जाते. पोट कुणीच विचारलं न्हाई. कायच विचारलं न्हाई. तीन दिवस माझ्या बाकावर कुणी बसलं न्हाई. मी बाकाच्या मधोमध बसायचे, म्हणजे मुद्दामच एकटी बसलीय असं वाटावं.

काल शुक्रवारी मागची एक पोरगी येऊन बसली. तिचं नाव लिहीत न्हाई. मला जरा सरकावं लागलं. तिनं वही उघडली आणि तास संपेस्तोवर एक अक्षर लिहिलं न्हाई. मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "तू देवळात बोललीस, त्याच्या आधी पहिल्यांदा कुणाला सांगितलंस?"

मी म्हणलं, "तू कावून विचारतीस?"

ती काय म्हणाली ते तिचं हाय. ते तुमच्या पुस्तकासाठी न्हाई.

मी पुढच्या तासाला बसले न्हाई. दोघींची दप्तरं उचलली आणि तिला तशीच बाईंकडं आणली. रस्त्यात ती दोनदा म्हणाली, जाऊ दे, काय न्हाई. मी तिचं दप्तर दिलं न्हाई. बाई अंगणात गहू निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आधी विचारतील, तास बुडवला का म्हणून.

त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि हात झटकून उठल्या.

"आत या दोघी," म्हणाल्या. "चपला बाहेर."

शिवकन्या